जुना साग, जाड बिट आणि ड्रिलची बॅटरी

गिरगावातल्या एका जुन्या चाळीत जिन्याच्या कठड्याचं काम चालू होतं. खांब अस्सल बर्मा सागाचा, भोक हवं १९ मिमीचं. सुताराचं १२ व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल अर्ध्यातच थांबलं. बॅटरी मात्र फुल चार्ज!

मशीन खराब नव्हतं. जाड बिट लाकडात अडकायला लागलं की मोटर भरमसाट करंट ओढते. सेल तापतात, व्होल्टेज पडतं आणि आतलं सर्किट पुरवठाच तोडतं. हे बॅटरी वाचवण्यासाठीच असतं. अशा वेळी ट्रिगर पुन्हा पुन्हा दाबू नका, पॅक निवू द्या.

१२ व्होल्टच्या पॅकमध्ये साधारण ३.६ व्होल्टचे ३ सेल असतात, १८ च्या पॅकमध्ये ५. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-तास. ६०० वॉटचं वायरवालं ड्रिल पूर्ण लोडवर एवढी वीज सुमारे साडेतीन मिनिटांत संपवतं!

४ अँपिअर-अवरच्या अनेक पॅकमध्ये सेलच्या दोन रांगा असतात. लोड वाटला जातो, म्हणून ते नुसते जास्त वेळ चालत नाहीत, जोरही जास्त धरतात.

जाड भोकाला गिअर नेहमी १ वर ठेवा. बिट धारदार हवं. मधूनमधून ते बाहेर काढून भुसा झाडा, निम्मा त्रास तिथेच वाचतो.

लालबाग-परळच्या गणपती मंडपांसारखं दिवसभराचं काम असेल, तर माझं स्पष्ट मत: जाड भोकांना वायरवालं ड्रिल, स्क्रूंना कॉर्डलेस.

तुमच्याकडे कुठलं ड्रिल आहे आणि लाकूड कुठलं? कमेंटमध्ये लिहा, काय वापरायचं ते नक्की सांगतो.