उतारवयातील रक्तस्राव आणि गर्भाशयाचा उग्र कर्करोग

डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठी वसलेल्या आमोणे गावी एखाद्या साठीच्या आजीची पाळी जाऊन दहा वर्षे लोटली आहेत आणि एके दिवशी तिच्या वस्त्रास रक्ताचा डाग दिसतो, अशी कल्पना करावी. वेदना नाही, ताप नाही. "उष्णता झाली असेल" असे म्हणून ती धण्या-जिऱ्याचे पाणी घेते आणि सुनेपाशीही अवाक्षर काढीत नाही. असा स्राव बहुधा निरुपद्रवी कारणाने होतो हे खरे. परंतु कधी कधी तो गर्भाशयाच्या अस्तरातील कर्करोगाचा पहिला इशारा असतो.

हा रोग एकाच जातीचा नाही. लेनिनग्राडचे वैद्य बोखमन यांनी 1983 साली त्याचे दोन वर्ग सांगितले. पहिला मंद गतीचा. त्याचा संबंध स्थूलपणाशी व इस्ट्रोजेनच्या आधिक्याशी असतो. दुसरा उग्र. त्यातील 'सिरस' हा प्रकार दहा रुग्णांपैकी सुमारे एकीलाच होतो. पण या रोगाच्या दर दहा मृत्यूंपैकी सुमारे चार त्याच्या वाट्यास जातात.

मग रुग्णाचे भवितव्य कशावर अवलंबून असते? सर्वांत आधी प्रसारावर. अमेरिकेतील आकडे असे सांगतात की, सर्व प्रकार मिळून, रोग गर्भाशयापुरता असता शंभरांपैकी सुमारे पंच्याण्णव स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो दूरच्या अवयवांत पोहोचल्यावर वीसही नसतात. त्याखेरीज रोग स्नायूंत किती खोल शिरला, रक्तवाहिन्यांत व लसिकाग्रंथींत उतरला काय आणि रुग्णाचे वय काय, हेही पाहिले जाते.

2013 साली पेशींतील जनुकांवरून या रोगाचे चार गट पाडण्यात आले. 'पोल' जनुकात विशिष्ट बदल असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली उग्र दिसणारा रोगही बहुधा बरा होतो. 'पी-53' बिघडलेले असेल, तर धोका सर्वांत मोठा. मात्र याच गटात शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारास केमोथेरपीची जोड दिल्याने आयुष्य वाढते, असे आंतरराष्ट्रीय अभ्यासातून दिसून आले आहे.

येथे एक सावधगिरी हवी. उग्र प्रकारात सोनोग्राफीत अस्तर पातळ दिसूनही रोग असू शकतो. स्राव पुन्हा झाल्यास अस्तराचा तुकडा काढून तपासणे हाच निर्णायक मार्ग होय.

रोगाची जात कोणाच्या हाती नसते. वेळ मात्र असते. आमोण्याहून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय फार दूर नाही. पाळी गेल्यानंतरचा पहिला डागही त्या वाटेस लागण्यास पुरेसा आहे. संकोचापायी दुसऱ्याची वाट पाहू नये.