यकृतातली गाठ, पण कुणाची?

‘पोटात गाठ दिसतेय’ हे वाक्य सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर आलं, की डहाणू-तलासरीतल्या घरात दोन प्रश्न उभे राहतात. न्यायचं कुठे? आणि सुई टोचू द्यायची का? पहिल्याचं उत्तर रस्ते देतात. तलासरीकर वापी, वलसाड किंवा सिल्वासा गाठतात. डहाणूकरांना 2013 पासून डहाणू रोडहून थेट मुंबईची लोकल आहे. घोडं अडतं ते दुसऱ्या प्रश्नावर.

सुई लागली की गाठ चवताळते, अशी भीती आहे. ती अगदीच निराधार नाही. यकृताच्या स्वतःच्या कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याचं शंभरात दोन-तीन रुग्णांत आढळलं आहे. म्हणूनच जुना सिरोसिस असलेल्या रुग्णाचा सीटी स्कॅन आधी नीट वाचतात. औषध शिरेतून सोडल्यावर गाठ सुरुवातीला चमकली आणि नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिकी पडली, तर बहुतेक वेळा तुकडा न काढताच निदान पक्कं होतं. अशा रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘सुई खरंच हवी का?’ असं जरूर विचारावं.

पण सिरोसिस नाही आणि यकृतात गाठी मात्र तीन-चार, तर संशय दुसरीकडे वळतो. जठर-आतड्यांचं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात येतं, तिथला कॅन्सरही त्याच वाटेनं येतो. जठरातून आलेला पाहुणा यकृतात सापडला तरी तो जठराचाच कॅन्सर, आणि औषधंही जठराचीच. इथे बहुतेक वेळा सुई लागतेच.

प्रकार तसा मिनिटभराचा. जागा बधिर करतात, सोनोग्राफीत पाहत बरगड्यांमधून सुई नेतात, श्वास रोखायला सांगतात आणि स्प्रिंगचा ‘खट्’ आवाज येतो. बाटलीतल्या फॉर्मलिनमध्ये शेवईच्या तुकड्याएवढा धागा पडतो, एक-दोन सेंटिमीटरचा.

त्या धाग्यात पाहण्यासारखं बरंच असतं. यकृताचा कॅन्सर बिघडला तरी यकृताची सवय सोडत नाही. पेशींच्या ओळी जाड होतात, त्यांना धरून ठेवणारी तंतूंची जाळी विरते, आणि कधी मधोमध हिरवट पित्ताचा ठिपका सापडतो. तो सापडला की पॅथॉलॉजिस्ट निश्चिंत. जठरातून आलेल्या पेशी बहुधा नळ्या रचतात, चिकट स्राव करतात. काहींत स्रावाने केंद्रक कडेला ढकललेलं असतं, खड्याच्या अंगठीसारखं. शंका उरली तर पेशींचं मूळ दाखवणारे आर्जिनेज-1, सीडीएक्स2 असे खास रंग. तरीही जठराचा एक दुर्मीळ कॅन्सर हुबेहूब यकृताचं सोंग घेतो, यकृताच्या कॅन्सरमध्ये वाढणारं रक्तातलं एएफपीसुद्धा वाढवतो. म्हणून चांगला पॅथॉलॉजिस्ट काचेवरून नजर काढून विचारतो, ‘जठराची दुर्बीण झाली का?’ जठराच्या आतल्या जखमेचा तुकडा दुर्बिणीतल्या चिमट्यानेच निघतो, बाहेरून सुई लागत नाही. भिंतीत दडलेल्या ‘जिस्ट’ गाठीसाठी मात्र दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीतून सुई घालावी लागते.

सुईचा खरा धोका रक्तस्रावाचा. आधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी होते, नंतर काही तास पडून राहावं लागतं. आपल्या पट्ट्यातल्या आदिवासी कुटुंबांत सिकल सेल आढळतो. त्या आजारात यकृतावर अचानक सूज आलेली असताना तुकडा काढणं फार जोखमीचं. घरात कुणाला सिकल असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नये, स्वतः सांगावं.

आणि रिपोर्टच्या कागदासोबत काचपट्ट्या आणि मेणात बसवलेला ‘ब्लॉक’ मागून घ्यावा. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरून आलेल्या पट्ट्या पुन्हा तपासतात. ब्लॉकमध्ये पुरेसं ऊतक शिल्लक असेल तर नवे रंग त्यावरच होतात, दुसऱ्यांदा सुई टळते. फक्त मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे ते.