अरवलीचा बंब

पेणही मागे पडलं नव्हतं, तोच चिंगीने विचारलं, "आजोबा, आली का रत्नागिरी?" अगं, मुंबई-गोवा रस्त्यावर घाई करायची म्हटली तरी खड्डे कुठे करू देतात!

पोलादपूरच्या पुढे कशेडीला आता बोगदा आहे. पण मी हट्टाने गाडी जुन्या घाटातून घ्यायला लावली. बोगद्यातून डोंगराच्या पोटात शिरता येतं, पण पोट दिसत नाही. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथे चहाला थांबलो आणि ओमला म्हटलं, "वर बघ. काळ्या दगडाचे थरावर थर दिसतात ना? सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा उतू गेला. एक थर निवला, की त्यावर दुसरा." पायाशी पडलेला एक धोंडा उचलून त्याच्या हातात दिला. आंबोळीला पडावी तशी जाळी. लाव्ह्यातले वायू वर येता येताच तो घट्ट झाला, म्हणून ही भोकं.

हे सांगितलं ते माझ्याच अंगाशी आलं. चिपळूण, सावर्डे मागे टाकून अरवलीला पोचलो. रस्त्याच्या कडेलाच गरम पाण्याचं कुंड. चिंगीने पाय सोडले आणि लगेच वर ओढले. पाणी साधारण 40 अंशांचं, म्हणजे ताप आलेल्या कपाळापेक्षा थोडं जास्तच. ओम लगेच पंडित झाला: "खाली तोच लाव्हा असणार!"

नाही रे राजा. चुलीवरून उतरवलेला तवा किती वेळ गरम राहील? साडेसहा कोटी वर्षांत तो लाव्हा केव्हाच निवला. हे पाणी पावसाचंच, तुझ्या छत्रीवर पडतं ते.

माझ्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. वरच्या नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं, की ते थेट तळाशी जाई आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर पडे. गार ओता, गरम घ्या. आई म्हणायची, फुकट कोणाला मिळत नाही, आधी ओतायला लागतं.

कोकणची जमीन असाच एक बंब आहे. नरसाळं म्हणजे सह्याद्री. तिथला पाऊस कातळाच्या भेगांतून झिरपत खाली जातो. निखाऱ्यांच्या जागी पृथ्वीच्या पोटातली उष्णता. काही ती जन्मली तेव्हाची, काही खडकातले युरेनियम, थोरियमसारखे अणू फुटतात त्यांची. दर किलोमीटर खाली गेलं, की साधारण 25 ते 30 अंशांनी ऊब वाढते. तापलेलं पाणी हलकं होतं आणि मागून येणारं गार, जड पाणी त्याला रेटतं. मग सापडेल त्या फटीतून ते वर येतं. वाटेत खडकातले क्षार विरघळवून आणतं, म्हणून अशा झऱ्यांच्या पाण्याची चव वेगळी लागते. कुठे कुठे कुजक्या अंड्याचा वासही येतो, तो गंधकाच्या वायूचा. चिंगीने तेवढ्यात नाक धरलं. तिथे वास नव्हता, पण असो.

आणि एवढ्या भेगा आल्या कुठून? कधीकाळी आपल्या किनाऱ्याला खेटून जमिनीचा एक तुकडा होता. तो तुटून दूर गेला. त्याचेच उरलेले शेंडे म्हणजे आजची सेशेल्स बेटं. एवढी मोडतोड झाल्यावर खडक धड राहील कसा? कोकणातले बहुतेक गरम झरे उत्तर-दक्षिण एका पट्ट्यात ओवल्यासारखे सापडतात: गणेशपुरी, महाडजवळचं सव, खेड-दापोलीकडचं उन्हवरे, अरवली, तुरळ, राजवाडी, थेट राजापूरचं उन्हाळे. काही गावांच्या तर नावांतच ऊन ऊन पाणी आहे बघा.

अरवलीहून थोडं पुढे तुरळ. तिथलं पाणी 60 अंशांच्या आसपास. ओमने बोट बुडवलं आणि शिट्टी वाजवल्यासारखं तोंड केलं. "हा बंब जास्त पेटलाय," म्हणाला. मी म्हटलं, पेटलेला तेवढाच, हे पाणी जास्त खोलवर जाऊन आलं असेल, नाहीतर वर येताना भराभर आलं असेल. रेंगाळलं की वाटेतच निवतं.

तुम्ही त्या रस्त्याने गेलात, तर कुंडावर जरूर थांबा. साबण मात्र गाडीतच राहू द्या.