एकाच भांड्यात भोपळ्याचा पास्ता : पाणी न गाळताही तो नीट कसा शिजतो?

कामावरून घरी पोहोचायला रात्रीचे आठ वाजलेले असतात. मुलांना भूक लागलेली असते आणि कणीक भिजवायचं त्राण उरलेलं नसतं. अशा वेळी पास्ता हा सोपा पर्याय वाटतो. पण नेहमीच्या पद्धतीने करायला गेलं, तर एका मोठ्या पातेल्यात पास्ता, दुसऱ्या कढईत भाजी आणि सॉस, शिवाय पाणी गाळायला चाळणी लागते. जेवण होतं अर्ध्या तासाचं आणि भांडी उरतात पाऊण तासाची.

त्यामुळे सगळं एकाच पॅनमध्ये घालून शिजवण्याची पद्धत लोकप्रिय झाली. अमेरिकेत मार्था स्टुअर्ट यांच्या मासिकात २०१३ मध्ये अशा पास्त्याची कृती आली. नूडल, टोमॅटो, कांदा, लसूण आणि पाणी सगळं एकदमच पॅनमध्ये घालायचं होतं. ती कृती जगभर गाजली. तेव्हापासून एक वादही सुरू आहे. पास्ता भरपूर पाण्यातच उकळावा, नाहीतर तो बिघडतो, असं एका गटाचं म्हणणं. घरी करून पाहणाऱ्यांचाही अनुभव संमिश्र असतो. कधी छान दाट सॉस होतो, तर कधी नुसता गिच्च गोळा.

फरक कशामुळे पडतो, ते समजून घेतलं तर ही पद्धत भरवशाची होते.

भरपूर पाण्याचा नियम कशासाठी?

इटलीतला रूढ नियम असा : १०० ग्रॅम पास्त्याला १ लीटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. म्हणजे चौघांसाठी २५० ग्रॅम पास्ता घेतला, तर अडीच लीटर पाणी उकळावं लागतं.

यामागे कारण आहे. पास्ता गव्हाचा असतो आणि गव्हात स्टार्च भरपूर असतो. पाण्याचं तापमान साधारण ६० अंशांच्या आसपास गेलं, की स्टार्चचे कण पाणी शोषून फुगायला लागतात. पृष्ठभागावरचे काही कण फुटून पाण्यात मिसळतात. पाणी भरपूर असेल तर हा स्टार्च विरळ होतो आणि पास्ता एकमेकांना चिकटत नाही. शिवाय पास्ता घातल्यावर मोठ्या पातेल्यातलं पाणी फारसं थंड होत नाही, लगेच पुन्हा उकळतं.

म्हणजे भरपूर पाणी ही सोय आहे. ते असलं की पास्त्याकडे फार लक्ष द्यावं लागत नाही. पण पास्ता शिजायला एवढं पाणी लागतंच असं नाही. अन्नविज्ञानावर लिहिणारे अमेरिकी लेखक हॅरॉल्ड मॅकगी यांनी २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये याच प्रश्नावर लेख लिहिला. साधारण ४५० ग्रॅम पास्ता त्यांनी सुमारे दीड लीटर पाण्यात, तेही थंड पाण्यापासून सुरुवात करून शिजवला. तो शिजला. अट एकच होती : वारंवार ढवळत राहणं.

कोकणात भात दोन प्रकारे होतो, हे इथे आठवावं. एक वेळलेला भात, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून पेज काढलेला. दुसरा बेताच्या पाण्यात शिजवून सगळं पाणी आत जिरवलेला. दोन्ही भातच. फक्त दुसऱ्यात पाण्याचं माप चुकून चालत नाही. पास्त्याचंही तसंच आहे.

मग पाणी न गाळल्याने फायदा काय?

पास्ता गाळताना जे पांढरट पाणी जातं, ती पास्त्याची पेजच असते. तिच्यातला स्टार्च तेल आणि पाणी यांना धरून ठेवतो. म्हणून अनुभवी स्वयंपाकी गाळण्याआधी वाटीभर पाणी बाजूला काढून सॉसमध्ये घालतात. एकाच भांड्यात शिजवताना हा सगळा स्टार्च आतच राहतो. त्यामुळे क्रीम, मैदा किंवा कॉर्नफ्लोअर न घालता रस दाट होतो.

मराठी स्वयंपाकघराला हे नवीन नाही. वरणफळं किंवा चकोल्या करताना फोडणीच्या उकळत्या वरणात कणकेचे तुकडे सोडले जातात. ते वरणातच शिजतात आणि त्यांच्या पिठाने वरणही दाटतं. ताटात वाढेपर्यंत ते आणखी आळतं. चकोल्या वेगळ्या पाण्यात उकडून, गाळून मग वरणात घातल्या, तर ती चव येणार नाही.

ही पद्धत खरंच इटालियन आहे का?

दक्षिण इटलीतल्या नेपल्समध्ये शरद ऋतूत ‘पास्ता ए झुक्का’ होतो. झुक्का म्हणजे भोपळा. लसणावर भोपळा परतायचा, तो मऊ झाला की पाणी घालायचं आणि त्याच भांड्यात पास्ता शिजवायचा. बटाटा, फ्लॉवर, वाल-चवळीसारखी कडधान्यं यांच्याबरोबरही नेपल्समध्ये असाच पास्ता करतात.

हे गरिबांचं जेवण होतं. पूर्वी पास्ता सुटा विकला जाई. दुकानातल्या खणांच्या तळाशी वेगवेगळ्या आकारांचा तुटका चुरा उरे, तो स्वस्तात मिळे. नेपल्सच्या बोलीत त्याला ‘मुन्नेत्साल्या’ म्हणतात. हा शब्द कचरा या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. आज तोच मिश्र पास्ता मुद्दाम पाकिटात भरून विकला जातो.

नीट जमलेल्या पास्त्यासाठीही तिथे शब्द आहे : ‘अझ्झेक्काता’, म्हणजे चिकटून आलेला. ताटलीत रस वाहता कामा नये, तो पास्त्याला धरून राहावा, अशी अपेक्षा असते. म्हणजे ज्या दाटपणाला काही जण दोष मानतात, तोच इथे गुण आहे.

नेपल्सचा लांबट भोपळा कुकुरबिटा मोशाटा या प्रजातीचा आहे. आपल्याकडचा लाल भोपळा, म्हणजेच डांगर, बहुतेक वेळा याच प्रजातीचा असतो. त्यामुळे या पदार्थासाठी महागड्या परदेशी भाजीची गरज नाही. घारग्यांसाठी आणलेल्या भोपळ्याची उरलेली फोड पुरते. अख्खा भोपळा महिनोन्‌महिने टिकतो, हीसुद्धा आठवड्याच्या मधल्या जेवणासाठी सोयच.

पाकीट घेताना काय पाहावं?

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच असावा, असं बंधन घातलं. ड्युरम म्हणजे कडक, पिवळसर दाण्याचा गहू. आपल्याकडे बन्सी म्हणून ओळखला जातो तो हाच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेला एमएसीएस ४०२८ हा त्याचाच एक वाण. ड्युरमच्या रव्यातल्या प्रथिनांची घट्ट जाळी स्टार्चला आत धरून ठेवते. म्हणून असा पास्ता मिनिटभर जास्त शिजला तरी आकार सोडत नाही.

मैद्याचा किंवा मैदा मिसळलेला पास्ता स्वस्त असतो, पण तो लवकर मऊ पडतो आणि जास्त पीठ सोडतो. एकाच भांड्यात शिजवताना त्याचाच बहुधा गोळा होतो. म्हणून पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. तिथे ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ असावं. घरात मैद्याचाच पास्ता असेल, तर पाणी थोडं कमी घ्यावं आणि सहाव्या मिनिटापासून चाखून पाहावं.

आकार छोटा निवडावा. पेन्ने, फ्युसिली किंवा एल्बो मॅकरोनी पॅनमध्ये सहज ढवळता येतात.

चौघांसाठी किती आणि काय?

२५० ग्रॅम पास्ता, साल काढलेला ५०० ग्रॅम लाल भोपळा, ३ मोठे चमचे तेल, लसणाच्या ४ पाकळ्या, १ सुकी लाल मिरची, ७५० मिलीलीटर गरम पाणी आणि जवळ ठेवायला आणखी कपभर गरम पाणी. सपाट १ छोटा चमचा मीठ, मिरपूड, मूठभर पार्सली किंवा कोथिंबीर आणि ५० ग्रॅम किसलेलं चीज. ऑलिव्ह तेल असेल तर उत्तम, नसेल तर शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं चालतं.

पाण्याचं सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे : पास्त्याच्या वजनाच्या तिप्पट. त्यातलं थोडं पास्ता शोषतो, थोडं वाफेने जातं आणि उरतं त्याचा रस होतो.

मिठाचं गणित मात्र पूर्ण बदलतं. नेहमीच्या पद्धतीत बरंचसं मीठ पाण्याबरोबर गाळून जातं. इथे घातलेलं सगळं मीठ पोटात जाणार आहे, त्यात चीजही खारट असतं. म्हणून सवयीने मूठभर मीठ टाकू नये.

कृती

१. भोपळ्याच्या साधारण अर्ध्या इंचाच्या फोडी कराव्यात. तोवर दुसऱ्या शेगडीवर किंवा केटलमध्ये पाणी तापत ठेवावं.

२. रुंद, जाड बुडाच्या कढईत किंवा पॅनमध्ये तेलावर ठेचलेला लसूण आणि मिरची मंद आचेवर परतावी. लसूण करपू देऊ नये.

३. भोपळा आणि अर्धं मीठ घालून झाकण ठेवावं. आठ-दहा मिनिटांत फोडी मऊ होतात. साधारण निम्म्या फोडी डावाच्या पाठीने दाबून मोडाव्यात. त्यांचा रस होतो आणि बाकीच्या फोडी तोंडात येतात.

४. गरम पाणी आणि उरलेलं मीठ घालावं. उकळी आली की पास्ता सोडावा. पहिली दोन मिनिटं सतत ढवळावं. पृष्ठभागावरचा स्टार्च याच वेळी सगळ्यात चिकट असतो.

५. झाकण न ठेवता मध्यम आचेवर शिजू द्यावं आणि दर मिनिटाला बुडापासून ढवळावं. नवव्या मिनिटाला एक तुकडा चावून पाहावा. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त लागू शकतात. पाणी संपत आलं आणि पास्ता कच्चा असेल, तर पाव-पाव कप गरम पाणी घालावं.

६. पास्ता शिजला, पण मधोमध किंचित कडक आहे आणि रस जरा सैल दिसतो आहे, या टप्प्यावर गॅस बंद करावा. चीज, मिरपूड आणि कोथिंबीर घालून जोरात ढवळावं. तीन मिनिटं झाकून ठेवावं. चकोल्यांसारखाच तोही आळून येतो.

भाजी चिरण्यापासून वाढेपर्यंत साधारण अर्धा तास लागतो.

नेपल्समध्ये यात प्रोव्होला हे धुरावलेलं चीज घालतात. पार्मिजानो रेज्जानो वापरायचं असेल, तर शाकाहारी घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ते वासराच्या पोटातून मिळणाऱ्या रेनेटने बनतं. पाकिटावर हिरवी खूण असलेलं चीज घ्यावं किंवा चीज वगळून वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचा अथवा अक्रोडाचा चुरा घालावा.

चूक कुठे होते?

गिच्च गोळा झाला, तर सुरुवातीला ढवळणं कमी पडलं किंवा रस पूर्ण आटेपर्यंत गॅस चालू राहिला. पाव कप गरम पाणी घालून हलक्या हाताने मोकळा करावा. पास्ता मऊ पडला, पण रस पाणीदार राहिला, तर पाणी सुरुवातीलाच जास्त झालं. पुढच्या वेळी कमी घ्यावं, वरून घालता येतं. बुडाला लागला, तर आच मोठी होती किंवा भांडं पातळ होतं. आंबटपणाने भाज्या आणि कडधान्यं शिजायला वेळ लागतो, म्हणून लिंबू पिळायचं असेल तर गॅस बंद केल्यावरच.

इतर भाज्या घालता येतील का?

येतील, क्रम सांभाळला तर. गाजर, फ्लॉवर यांसारख्या कडक भाज्या भोपळ्याबरोबर सुरुवातीला. ढोबळी मिरची आणि मशरूम पास्ता निम्मा शिजल्यावर. पालक अगदी शेवटी, कारण त्याला दोन मिनिटं पुरतात. या जेवणात प्रथिनं कमी पडतात. वाटीभर उकडलेले काबुली चणे घातले, तर ती उणीव बरीच भरून निघते. ते पास्त्याबरोबरच घालावेत.

एकाच भांड्यातल्या पास्त्यात पाणी मोजून घ्यावं लागतं, मीठ आवरावं लागतं आणि दहा मिनिटं कढईजवळ उभं राहावं लागतं. त्या बदल्यात जेवणानंतर घासायला एक कढई, एक डाव आणि चार ताटल्या एवढंच उरतं.