पेनड्राइव्हमधून शिरणारी संगणक-कीड

सांप्रत पेढीची खतावणी संगणकात असते व वर्षअखेरीस ती पेनड्राइव्हवर घालून करसल्लागाराकडे धाडली जाते. ज्या वाटेने हिशेब जातो, त्याच वाटेने कीडही घरी येते.

विषाणू दुसऱ्या फाइलीस चिकटून जगतो. कीड स्वतंत्र असून आपल्या प्रती आपणच काढते. नोव्हेंबर २००८ मध्ये आढळलेली 'कॉनफिकर' ही तिची प्रसिद्ध जात होय. विंडोजमधील ज्या दोषातून ती शिरे, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबरमध्येच दिली होती. पण ती बसवतो कोण! पुढल्या अवतारात ती पेनड्राइव्हवर 'ऑटोरन'ची फाइल ठेवू लागली. ड्राइव्ह लावताच येणाऱ्या चौकटीत फोल्डराचे चित्र दिसे. ते दाबले की कीडच चालू होई. फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजमधूनही ही सोय काढण्यात आली.

दुसरी युक्ती अद्यापि चालते. खरे फोल्डर लपवून त्याच नावाचा शॉर्टकट मांडला जातो. चित्राच्या कोपऱ्यातील लहानसा बाण हीच त्याची खूण. तो उघडू नये. डिफेंडर अद्ययावत करून लगेच जाळ्याची तार काढावी व संपूर्ण तपासणी करावी. आधी संगणकाची, मग ड्राइव्हची. हा क्रम उलटल्यास स्वच्छ केलेला ड्राइव्ह पुन्हा किडतो. नंतर शॉर्टकट पुसून 'अ‍ॅट्रिब' या आज्ञेने लपविण्याच्या खुणा काढाव्यात. मूळ खतावणी बहुधा शाबूत सापडते. घाबरून ड्राइव्ह फॉरमॅट करणारे बंधू मात्र कीड व हिशेब दोन्ही एकदमच पुसतात.