बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नका

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईत उभ्या असलेल्या हजारो गाड्या पाण्यात गेल्या. आम्ही कापडवाले पावसाळ्यात तागे वरच्या फळीवर चढवतो, गाडी मात्र गल्लीतच राहते. पाणी ओसरताच ती सुरू करू नये. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही. रॉड वाकतो, इंजिन जाते. आधी बॅटरीची वायर काढावी, पाण्याच्या खुणेसह फोटो घ्यावेत, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी ओढून गॅरेजला न्यावी. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात पुराची भरपाई मिळत नाही. सर्वंकष विम्यात मिळते. पण चावी फिरवून बिघडलेल्या इंजिनाचा दावा बहुधा नामंजूर होतो. त्यासाठी इंजिन संरक्षणाचा जादा हप्ता भरावा लागतो. व्यापारी बंधूंनी पावसाळ्याआधीच आपली पॉलिसी तपासावी.