कळीचा चुना आणि कापसाचे दिवस

झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनच्या परिसरात, चुनखडक विपुल असून आज त्यावर सिमेंटचा कारखाना चालतो. परंतु हा मुलूख ज्या काळी वणी जिल्ह्यात मोडत असे (1905 मध्ये त्या जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले), त्या काळी पक्क्या इमारतीसाठी चुनखडक भट्टीत भाजून कळीचा चुना काढीत आणि तो पाण्यात विरवून, वाळू घालून, बैलांच्या घाणीत मळीत. विदर्भातील व्हिक्टोरियन इमारती ज्यास समजून घ्यावयाच्या असतील, त्याने या चुन्यापासूनच आरंभ करावा.

वऱ्हाडचा कापूस, वर्धा नदीपलीकडच्या वरोऱ्याचा कोळसा आणि लोहमार्ग या त्रयीने येथील औद्योगिक वास्तू घडविल्या. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीस ‘कैसर-ए-हिंद’ हा किताब जाहीर झाला, आणि त्याच दिवशी नागपुरात जुम्मा तलावाजवळ जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. राणी 1901 मध्ये निवर्तली, तरी तिच्या अमदानीतील बांधणीचे वळण पुढेही टिकले. किलिक निक्सन कंपनीची मूर्तिजापूर-यवतमाळ ही सुमारे 113 किलोमीटरची अरुंद रेल्वे, जिला लोक प्रेमाने शकुंतला म्हणतात, ती विसाव्या शतकाच्या आरंभीची, आणि मँचेस्टरमध्ये 1921 साली घडलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत धावत होते.

या घडणीत शोभा उपयोगातून उपजली आहे. विटांची कमान वरचा भार दोन्ही बाजूंच्या खांबांवर वाटून देते, म्हणून खिडकी उंच व रुंद ठेवता येते. विजेचे दिवे नव्हते तेव्हा सूत तुटले की नाही हे त्या खिडकीतून येणाऱ्या उजेडातच दिसे. उतरते कौलारू छप्पर पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकी, आणि खोल पडवी वैशाखाचे ऊन बाहेरच थोपवी.

अशा वास्तूंचा घात पाडापाडीइतकाच डागडुजीनेही होतो. चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल हळूहळू बाहेर निघून जाते. भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आतच कोंडते, लोणा लागतो आणि विटांचे पापुद्रे सुटू लागतात. पाडापाडीची गत एम्प्रेस मिलची झाली: ती 2002 मध्ये बंद पडली आणि तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. मुंबईस 1995 पासून वारसा नियमावलीचे संरक्षण आहे आणि तेथील व्हिक्टोरियन वास्तुसमूहास 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जाही दिला. आडबाजूच्या स्थानकांची व जिनिंगच्या गोदामांची राखण मात्र गावकऱ्यांच्या जाणतेपणावरच अवलंबून आहे.

म्हणून ज्यांच्या ताब्यात अशी मिळकत असेल, त्यांनी तिला वाचनालय, बाजार वा धान्यकोठार असा काही चालता उपयोग द्यावा, आणि भिंतीला हात लावण्यापूर्वी सिमेंटची गोणी बाजूस ठेवून चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा.